तिसरा स्

ग्रिम्सबीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
बॉयलरला लागून माझी खोली.
मंगळवारी अकराला विल्फ कट्सफोर्थ येतात,
उजवा हात कोटाच्या खिशात घालून, म्हणजे
कुणीतरी घालून दिलेला.

चाळीस वर्षं ट्रॉलरवर. आइसलंडच्या खाली, रात्री,
दोरांवरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडत.
ऑक्टोबरात मेंदूतली एक शीर फुटली
आणि भाषेची शिवण उसवली.

नामं राहिली. जाळं. दोर. बर्फ. एनिड.
नामं जड असतात, तळाला जाऊन बसतात.
क्रियापदं आली तरी उघडीबोडकी:
जा. ओढ. बुड.
ना काळ, ना पुरुष.
आणि आत, वर, कडे, साठी ही सगळी चिल्लर,
व्याकरण जिला अव्यय म्हणतं,
म्हणजे जिचा व्यय होत नाही अशी,
तीच सगळ्यात आधी खर्ची पडली.

"एनिड. खुर्ची. चहा."
खुर्चीवर की खुर्चीजवळ?
चहा पिते, प्यायली, की पीत असे?
मी फॉर्मवर लिहिते: प्रत्यय नाहीत.
एनिड त्याच्या आधीच्या एप्रिलात गेली,
ते लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

मी टेबलावर एक कप ठेवते. "कप."
शेजारी दुसरा. "कप."
शेवटी काहीतरी हवं, मी म्हणते,
आणि दातांत हवा धरून दाखवते: स्.
सुटा ठेवला तर नुसती गळती,
सायकलच्या चाकातून जावी तशी.
एकट्याला अर्थ नाही, घर नाही.
कपाला चिकटला की मात्र
घरात दोन माणसं होतात.

मग मी माशांची कार्डं काढते. चूक माझीच.
एक कॉड. "कॉड."
टोपलीभर कॉड. "कॉड."
मी मान हलवणार, तोच ते हसतात, डाव्या गालानं.
बरोबरच आहे. इंग्रजीत कॉड एक असो की होडीभर,
कॉडला शेपटी लागत नाही, स्वतःची सोडून.
त्या दिवशी मी त्यांना एक गुण जास्त दिला.

फेब्रुवारीत अनेकवचन आलं.
"कप्स." ओठाच्या कडेला थुंकी. पुन्हा "कप्स."
जाताना व्हरांडाभर: डोअर्स, लाइट्स, नर्सेस,
जणू मोसमातली पहिली खेप उतरवून घेत होते.

दुसरा स् मालकीचा. आवाज तोच, काम निराळं.
हा उशिरा येतो.
कान म्हणतो, एक सापडला तर दुसरा का नाही?
मेंदू कानाचं ऐकत नाही,
त्याच्या वह्या वेगळ्या आहेत.
मार्चभर आमचं चाललं होतं,
विल्फ टोपी, कुत्रा शेपूट,
दोन दोन शब्द शेजारी उभे, अनोळखी.

मग एका मंगळवारी डाव्या खिशातून
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी निघालं.
निळा कप, कान तुटून पुन्हा चिकटवलेला.
माझे दोन्ही त्यांनी बाजूला सारले.
"एनिड."
बॉयलर घुमत राहिला.
"एनिड...झ्. एनिड्झ कप."

ड् च्या मागे आला की या स् चा झ् होतो,
गळ्यातून कंप यावा लागतो.
ते मी शिकवलं नव्हतं.
गळा आपणहून थरथरला.

आता तिसरा. वर्तमानकाळातला,
तिच्या क्रियापदाला लागणारा.
ती येते. ती बसते. ती चहा ओतते.
बावीस कार्डं आहेत, खालच्या खणात,
प्रत्येकावर एप्रन घातलेली एक बाई.

पुढच्या मंगळवारी मी खण ओढला,
आणि पुन्हा लोटला.
आम्ही मासे मोजले, बारा वाजेपर्यंत.
एकही चूक झाली नाही.